पंधरा तासांची घडी

एकशेवीस भागिले आठ. उत्तर पंधरा. चौथीतल्या पोरीला तोंडी सुटेल असा हा भागाकार आहे, आणि तो गेले कित्येक दिवस माझी पाठ सोडत नाही.

पाळीचे पाच दिवस धरले तर तास होतात १२०. देशात दरवर्षी किती सॅनिटरी पॅड वापरले जातात याचा अंदाज बांधताना ‘मेन्स्ट्रुअल हायजीन अलायन्स ऑफ इंडिया’ या संस्थांच्या गटाने एका बाईला एका पाळीत आठ पॅड लागतात असं धरलं. किराणा दुकानात मिळणारं साधं पाकीटही सात-आठ पॅडचंच असतं. महिन्याला एक पाकीट, असा घरोघरचा हिशेब. १२० तासांत आठ पॅड, म्हणजे एक पॅड पंधरा तास. डॉक्टर सांगतात, चार ते सहा तासांनी बदला. या सरासरीतली बाई सकाळी सहाला घेतलेलं पॅड रात्री नऊला बदलते.

घडी हा आपल्याकडचा जुना शब्द. विरलेल्या लुगड्याचं मऊ सुती कापड फाडायचं, त्याची घडी करायची आणि ती घ्यायची. घडी म्हणजे वेळसुद्धा. घडीभर थांब, असं आपण म्हणतोच. स्वस्त पॅडची चर्चा निघाली की ती रुपयांत होते. मला वाटतं ती तासांत व्हायला हवी. का, ते आकड्यांतूनच सांगते.

आधी रक्त किती जातं ते पाहू. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलीलिटर. टपरीवरच्या कटिंग चहाचा अर्धा पेला. ८० मिलीच्या वर गेलं तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. रक्तासोबत इतर स्रावही असतो, त्यामुळे ओल याहून जास्त भरते, पण सगळं मिळून घरातल्या एका चहाच्या कपात मावावं इतकीच. आता पॅडकडे पाहू. भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस ५४०५’ या मानकात एक चाचणी दिलेली आहे. पॅडच्या मधोमध मिनिटाला १५ मिली या वेगाने ३० मिली द्रव सोडायचा आणि तो पॅडने न गळता शोषायचा. म्हणजे प्रमाणित पॅड दोन मिनिटांत जवळपास एका अख्ख्या पाळीचं रक्त पिऊन टाकतं.

मग दर चार-सहा तासांनी बदलायचं कशासाठी? पॅड भरतं म्हणून फार क्वचित. बदलायचं ते वेळ झाला म्हणून. ओल, अंगाची ऊब आणि हवा न जाऊ देणारं प्लास्टिक यांना पंधरा तास एकत्र मिळाले की कातडी सोलवटते, चट्टे उठतात, खाज सुटते, जंतूंना हवं ते सगळं मिळतं. जास्त शोषणारं पॅड आलं म्हणून हे तास माफ होत नाहीत. उलट ‘अजून भरलं नाही, चालेल’ असं वाटून ते वाढतात. कापडाचंही तेच. स्वच्छ धुतलेली, कडक उन्हात वाळवलेली सुती घडी वाईट नसते. पण उन्हात वाळत घालायला ती लोकांना दिसावी लागते. माझी आई ती परकराखाली लपवून, गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात वाळवायची. पावसाळ्यात ती वाळायचीच नाही.

माझ्या पणजीला नऊ बाळंतपणं झाली. पदर आला पंधराव्या वर्षी, पाळी गेली पंचेचाळिशीत. मधल्या तीस वर्षांतून गरोदरपणाची आणि अंगावर पाजण्याची वर्षं वजा करू. एका लेकरामागे दोन धरली तर अठरा गेली, उरली बारा. वर्षाला तेरा पाळ्या धरल्या तर तिच्या वाट्याला आयुष्यात आल्या १५६. हा हिशेब घरगुती आहे, पण जगाला सोडून नाही. आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगोन लोकांचा अभ्यास बेव्हर्ली स्ट्रासमन यांनी केला, तेव्हा तिथल्या बायकांना आयुष्यभरात सुमारे शंभरच पाळ्या येत असल्याचं दिसलं. आता पणजीच्या पणतीचा हिशेब. तेराव्या वर्षी पाळी सुरू, अठ्ठेचाळिशीत बंद, मुलं एक किंवा दोन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ होता. पस्तीस वर्षांतून तीन वजा केली तर उरतात बत्तीस, आणि पाळ्या भरतात ४१६.

पणजीच्या अडीच पटींहून जास्त. पाळीचे दिवस मोजले तर २,०८०, म्हणजे पावणेसहा वर्षं. ‘पूर्वीच्या बायका नाही का भागवत होत्या फडक्यावर?’ असं विचारणाऱ्यांना हा फरक सांगावासा वाटतो. पूर्वीच्या बाईला कावळा शिवायचा तो अधूनमधून. ती तीन दिवस बाहेर बसायची, म्हणजे अपमान पदरात घेऊन का होईना, घरातल्या कामापासून लांब असायची. आजची बाई पाळीच्या दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभी असते, शेतात वाकलेली असते, बारावीचा पेपर लिहीत असते. पाळ्या वाढल्या आणि घराबाहेरचे तासही वाढले.

सहा तासांचा नियम पाळायचा तर दिवसाला चार पॅड, पाळीला वीस, वर्षाला २६०, आणि ४१६ पाळ्यांना ८,३२०. आठच्या हिशेबाने वापरले तर ३,३२८. फरक जवळजवळ पाच हजारांचा. एका बाईच्या एका आयुष्यात पाच हजार वेळा बदलायचं राहून गेलं, असा त्याचा अर्थ.

आता एक बाई सोडून देशाकडे वळू. वर उल्लेखलेल्या गटाच्या अंदाजात भारतात पाळी येणाऱ्या मुली-बायका होत्या ३३ कोटी ६० लाख. २८ दिवसांत पाच दिवस पाळी असेल तर कुठल्याही एका दिवशी, अगदी आज, तुम्ही हे वाचताय त्या क्षणी, सहा कोटी जणींना पाळी आलेली आहे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गुजरातची लोकसंख्या, बापे, पोरंसोरं, म्हातारेकोतारे धरून, सहा कोटी चार लाख होती. तेवढा एक गुजरात या देशात कायम पाळीत असतो, फक्त त्यातली माणसं रोज बदलतात. जागतिक बँकेच्या मते जगभरात हा आकडा दिवसाला तीस कोटींच्या वर जातो.

सहा कोटी गुणिले चार म्हणजे रोज २४ कोटी पॅड. वर्षाला साधारण ८,७०० कोटी. सेकंदाला पावणेतीन हजारांहून थोडे जास्त. ही झाली गरज. प्रत्यक्षात त्या अंदाजाप्रमाणे पॅड वापरणाऱ्या होत्या १२ कोटी १० लाख, म्हणजे दर शंभरातल्या ३६, आणि वर्षाचा खप १,२३० कोटी. सेकंदाला ३९०. गरज आणि खप यांच्यात सातपटीचं अंतर. त्यानंतर वापर वाढला आहे यात शंका नाही, पण अंतराची लांबी लक्षात यावी म्हणून हे आकडे शेजारीशेजारी मांडले.

रुपयांकडे येते. बाजारात एक साधं पॅड सहा रुपयांना पडतं असं धरू. २६० पॅडचे १,५६० रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षी रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. १,५६० भागिले ३१२, बरोबर पाच. वर्षाच्या पॅडसाठी पाच दिवसांची मजुरी. घरात आई आणि वयात आलेल्या दोन मुली असतील तर पंधरा दिवसांची, आणि योजनेत कामाची हमी होती शंभर दिवसांची. त्या घरात पाकीट महिन्याला एकच येतं आणि तेही थोरलीच्या शाळेपुरतं, यात नवल काही नाही. आई कापडावर भागवते.

म्हणून एक रुपयाचं पॅड ही खरोखर मोठी गोष्ट आहे. प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रांतून ‘सुविधा’ नावाचं पॅड २०१८ मध्ये अडीच रुपयांना मिळू लागलं, आणि ऑगस्ट २०१९ पासून ते एक रुपयाला झालं. चार पॅडचं पाकीट चार रुपयांना. वर्षाचे २६० पॅड २६० रुपयांत, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीच्याही आत. पाच दिवसांचं ओझं एका दिवसावर आलं. २०२३ च्या अखेरीपर्यंत असे सुमारे ४८ कोटी पॅड विकले गेले. अठ्ठेचाळीस कोटी हा आकडा ऐकला की छाती भरून येते. मग मी तो वरच्या आकड्यांशेजारी ठेवला. साडेपाच वर्षांत विकलेले ४८ कोटी पॅड म्हणजे देशाच्या खपाचे चौदा दिवस. आणि गरजेचे दोन दिवस.

दोन दिवस. चांगल्या योजनेची ही थट्टा नव्हे, मापाचा धक्का आहे.

माल आहे, किंमत योग्य आहे, मग अडतं कुठे? ३० नोव्हेंबर २०२३ ला देवघरच्या एम्समध्ये दहा हजारावं जनऔषधी केंद्र उघडलं. देशात गावं आहेत सुमारे ६ लाख ४० हजार. म्हणजे तेव्हा चौसष्ट गावांमागे एक केंद्र, आणि केंद्रं बहुतेक शहरांत नि तालुक्याच्या गावी. वाडीवरून तालुक्याला जायचं तर एसटीचं तिकीट, बायकांना अर्धं असलं तरी, चार रुपयांच्या पाकिटापेक्षा कितीतरी महाग पडतं. अर्धा दिवस जातो तो वेगळाच. बहुतेक घरांत ते पाकीट आणायला बाप किंवा भाऊ जात नाही. दुकानदार अजूनही ते वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो.

गावातच पॅड बनवण्याची वाट कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंथम यांनी दाखवली. मोठ्या कंपन्यांच्या पॅडमध्ये आत कापूस असेल असं समजून त्यांनी दोनेक वर्षं घालवली, आणि मग कळलं की तो पाइनच्या लाकडाच्या लगद्याचा सेल्युलोज आहे. त्यानंतर त्यांनी बचत गटांना परवडेल असं छोटं यंत्र बनवलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. समजा गटाच्या एका केंद्रात दिवसाला हजार पॅड तयार झाले, तर रोजच्या २४ कोटींसाठी २ लाख ४० हजार केंद्रं लागतील. आधी हा आकडा अशक्य वाटतो. पण गावांच्या संख्येने भागून पाहा, दर तीन गावांमागेही एक पुरेसं होत नाही, थोडी जास्त लागतात, इतकंच. पिठाच्या गिरण्या आपण याहून दाट उभ्या केल्या आहेत.

कराचं थोडक्यात सांगते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के होता, आणि कुंकू, टिकली, बांगड्या करमुक्त होत्या. मुंबईच्या ‘शीसेज’ संस्थेने ‘लहू का लगान’ ही मोहीम चालवली, प्रकरण न्यायालयातही गेलं, आणि जुलै २०१८ मध्ये कर शून्यावर आला. कच्च्या मालावरचा कर मात्र राहिला आणि त्याची वजावट बनवणाऱ्याला मिळेना, त्यामुळे बारा टक्के सुटले तरी पाकिटावरची किंमत तेवढी उतरली नाही.

मला जास्त सलतो तो वयाचा मुद्दा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची एक गोष्ट आनंदाची आहे. २०१५-१६ मध्ये स्वच्छ साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण ५७.६ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झालं. शहरांत ८९.४, गावांत ७२.३. चार-पाच वर्षांत वीस टक्क्यांची झेप कुठल्याही देशाला अभिमान वाटावा अशी आहे. पण हा प्रश्न विचारला गेला फक्त १५ ते २४ वर्षांच्या मुलींना. पंचवीस पूर्ण झालेल्या बाईला तो विचारलाच जात नाही. केंद्राची २०११ ची योजना, आशाताईंच्या हातून सहा रुपयांना सहा पॅड देणारी, १० ते १९ वयाच्या मुलींसाठी होती. महाराष्ट्राची ‘अस्मिता’, जिने ८ मार्च २०१८ पासून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड द्यायचं ठरवलं, तीही सवलत ११ ते १९ वयापुरती होती. गावातल्या इतर बायकांना तेच पाकीट २४ किंवा २९ रुपयांना. पाळी चालते पस्तीस वर्षं, सवलत होती नऊ वर्षं. एकोणीस पूर्ण होताच पाकीट पाचपट महाग व्हायचं, आणि साधारण त्याच सुमारास पोरीचं लग्न होतं, पदरी मूल येतं, रोजंदारी सुरू होते. मुलींपासून सुरुवात करण्यामागचं कारण मला समजतं. त्यांची शाळा बुडू नये हे योग्यच आहे. पण मोजायचं सोडलं की ती बाई कागदावरून नाहीशी होते, आणि रक्त काही थांबत नाही.

पॅडचा प्रवास वापरून संपत नाही. १,२३० कोटी पॅडचा वर्षाचा कचरा १ लाख १३ हजार टन भरतो असं त्याच अंदाजात म्हटलं होतं. दिवसाला ३१० टन, दहा टनी ट्रकांत भरले तर रोज ३१ ट्रक. हा कचरा आपोआप वेगळा होत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका, आणि त्यांच्यामागे उभी असलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, हे कित्येक वर्षं सांगत आहेत की प्लास्टिक, पुठ्ठा वेचताना उघडी पॅड हाताला लागतात. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवल्या. पुढे पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम आली, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांत विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. एक पॅड दोन बायकांच्या हातून जातं, हे मला पुण्यातल्या त्या मावशींमुळे कळलं. आपण गुंडाळायला घेतलेली दहा सेकंदं दुसरीच्या हाताला लागणारी घाण वाचवतात.

गरज पूर्ण भागली तर हाच कचरा सातपट होईल, रोज दोनशेच्या वर ट्रक. त्यामुळे फक्त पॅड स्वस्त करत जाणं पुरेसं ठरणार नाही. सिलिकॉनचा कप इथे विचारात घ्यावाच लागतो. एक कप नीट सांभाळला तर दहा वर्षंही चालतो. दहा वर्षं म्हणजे १३० पाळ्या, म्हणजे २,६०० पॅड. एका पॅडचं वजन नऊ ग्रॅम धरलं तर २३ किलो कचरा. कपाची किंमत काहीशे रुपये, एकदाच. केरळात आलप्पुझा नगरपालिकेने २०१९ मध्ये ‘तिंकळ’ योजनेतून पाच हजार कप वाटले, आणि जानेवारी २०२२ मध्ये कुंबळंगी हे गाव देशातलं पहिलं सॅनिटरी नॅपकिनमुक्त गाव म्हणून जाहीर झालं. तिथे नुसतं वाटप झालं नाही, घरोघरी बसून बायकांना शिकवावं लागलं. आपल्याकडे लग्नाआधी कप नको, अशी भीती घराघरांत आहे, ती समजावूनच जाईल. मला कपाचं मोल आणखी एका कारणाने वाटतं. तो बारा तासांपर्यंत ठेवता येतो. पॅडच्या दुप्पट तास.

बारा तास. आणि आता तो उसाचा फड, ज्याच्यासाठी मी हे सगळे आकडे गोळा करत बसले.

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ट्रक निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती पाच-सहा महिन्यांत फेडायची. पहाटे चारला फडात, अंधार पडताना कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परत. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. चौदा तास. पंधराला एकच कमी. लेखाच्या सुरुवातीचा तो भागाकार मला छळतो तो यासाठी. पाकिटाच्या हिशेबातून निघालेले पंधरा तास आणि ऊसतोड बाईचा एक दिवस हे जवळजवळ एकच आहेत. फडात आडोसा नाही, पाणी नाही, थांबायला परवानगी नाही. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड, अनेक ठिकाणी पाचशे रुपये.

या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या तक्रारींवरून २०१९ मध्ये तेव्हा आमदार असलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बीडमध्ये पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

या आकड्यामागे एकच कारण नव्हतं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, ‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ ही घातलेली भीती, आणि एकदा काढली की कटकट मिटेल ही आशा. पण खाड्याचा हिशेब त्यात होता, हे बायका स्वतः सांगत होत्या. तो हिशेब मी मांडून पाहिला. हंगामाचे सहा महिने, दर महिन्याला पाळीचे दोन खाडे, म्हणजे बारा. बारा गुणिले पाचशे, सहा हजार. पाच हंगामांत तीस हजार. आणि पिशवी काढण्याचा जो खर्च बायका तेव्हा सांगत होत्या, तो तीस-पस्तीस हजारांच्या घरात, बहुतेकदा मुकादमाकडूनच उचलून आणलेला. पाच हंगामांचे खाडे आणि एक शस्त्रक्रिया, तराजूची दोन्ही पारडी सारखी. हे गणित त्या बायकांनी पाटी-पेन्सिल न घेता कधीच सोडवलं होतं. आपण त्यांना अडाणी म्हणत होतो.

तिसरं पारडं मी नंतर मांडलं. पस्तिशीतल्या बाईची पाळी आणखी तेरा वर्षं चालेल असं धरू. १६९ पाळ्या, पाळीला वीस पॅड, एकूण ३,३८०. रुपयाला एक या दराने ३,३८० रुपये. शस्त्रक्रियेच्या नवव्या-दहाव्या हिश्श्यात तेरा वर्षांची सोय. त्या १३,८६१ जणींना मिळून एका वर्षाचे पॅड लागले असते ३६ लाख रुपयांचे. पुण्यात इतक्या पैशांत दोन खोल्यांचं घर येणं कठीण आहे.

पण नुसती पाकिटं पोचली असती तर? त्या बायांच्या पिशवीत रुपयाचे वीस पॅड असते आणि तरी पहाटे चारचं पॅड अंधार पडल्यावरच बदललं असतं. कप असता तरी बारा तासांनंतर दोन तास उरले असते, आणि तो धुवायला पाणी नसतं. मला वाटतं स्वस्त या शब्दाची मोजणी इथे येऊन बदलते. पॅडची किंमत रुपया झाली, आता बदलण्याची किंमत पाचशे रुपये आहे. ती कमी करायची तर दुकान कामाचं नाही. मुकादम, कारखाना आणि कामगार कल्याणाचं काम पाहणारं सरकार यांनाच ती कमी करता येते.

किती पडेल ते पाहू. दहा कोयत्यांची टोळी घ्या. वीस माणसं, त्यात दहा बायका. कुठल्याही दिवशी त्यांतल्या दोघींना पाळी असणार. पहाटे कोपीवरून निघताना एकदा बदललं, तर फडात सकाळी नऊला एकदा आणि दुपारी दोनला एकदा. दोघींचं मिळून चार वेळा. उसाच्या फडातून बाजूला येऊन परत जायला दहा मिनिटं धरली तर चाळीस मिनिटं. वीस माणसं गुणिले चौदा तास, म्हणजे टोळीचे दिवसाचे २८० तास. त्यातली चाळीस मिनिटं, चार काठ्या, एक जुनी ताडपत्री आणि हंडाभर पाणी.